भट्टीच्या बाजूचे पडदे

लिंडन रिज, ओहायो
९ एप्रिल १९११

प्रिय एझ्रा,

तू बरा असशील, मेरीचा खोकला गेला असेल आणि पोर्टलंडच्या लोकांनी तुला अजून तरी रेल्वेच्या रुळांखाली पुरलं नसेल, असं धरून चालते. माझं अक्षर बघून दचकला असशील. दर नाताळात कार्ड येतं ते वेगळं, त्यावर नावापलीकडे काही लिहावं लागत नाही. हे पत्र मात्र लांबणार आहे, तेव्हा चष्मा लाव आणि नीट बस.

यंदा इकडे वसंत लवकर आला. तळ्याकाठच्या झाडांना पालवी फुटली, आणि तू लावलेल्या दिव्याच्या खांबांवर रॉबिन पक्ष्यांनी पुन्हा घाण करून ठेवली आहे. रस्ते तसेच वळणावळणाचे आहेत. सरळ रस्ते कारखान्यांच्या लोकांसाठी, आमच्याकडे रस्त्याने माणसाला फिरायला नेल्यासारखं वाटायला हवं, हे ऑरिनचं म्हणणं तुला आठवत असेल. नवा पोस्टमन आला की पहिला आठवडाभर तो अजूनही रडकुंडीला येतो. परवाच एकजण आमचीच पत्रं घेऊन आम्हालाच विचारत होता, पेनिमन साहेबांचं घर कुठे म्हणून. मी त्याला आत बोलावून कॉफी दिली.

तुझा मेव्हणा ऑरिन ठीक आहे. जेवण चांगलं आहे, झोप चांगली आहे. थोडा विसराळू झालाय, इतकंच. पासष्टी उलटल्यावर कोण होत नाही?

बरं, थोडा नाही. तुझ्यापासून काय लपवायचं. गेल्या महिन्यात त्याने मिसेस व्हिटलॉकच्या डेलियाच्या वाफ्यात चार खुंट्या ठोकल्या. बरोबर शहरातला एक दंतवैद्य आणि त्याची बायको. ट्राममध्ये भेटली म्हणे, आणि याने त्यांना उतरवून घेऊन प्लॉट दाखवायला आणलं. तेच जुन्या लिलावाच्या दिवसाचं भाषण, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ‘मॅडम, तुम्हाला इथे चिखल दिसतोय, मला सावली दिसते.’ फक्त बँड आणि लिंबू सरबत तेवढं नव्हतं. मिसेस व्हिटलॉक हातात कात्री घेऊन बाहेर आली तर तिलाच म्हणतो, “तुम्ही जरा उशीर केलात हो, हा प्लॉट आत्ताच गेला.” बिचारी वीस वर्षं राहतेय त्या घरात. ती हसत सुटली, मीही हसले. घरी येऊन मात्र मला हसू आलं नाही.

कारण त्याने असे तीन प्लॉट विकलेत. रीतसर पावती देऊन, विसार घेऊन. तिन्ही प्लॉटांवर घरं उभी आहेत, घरांत माणसं आहेत. त्याच्या डोळ्यांना घरं दिसतच नाहीत. त्याला पूर्वीच्या शेतातला मका दिसतो, वॅग्नरांची गाय दिसते, आणि तू दिसतोस, लांब बूट घालून, खांद्यावर दुर्बीण टाकून. रोज सकाळी विचारतो, एझ्रा आला का? आज आम्हाला ट्रामची रेघ आखायची आहे.

तू रेघ आखून, रूळ टाकून, भांडून निघून गेलास त्याला पंधरा वर्षं झाली हे मी त्याला सांगत नाही. सांगितलं तर तो नव्याने ऐकतो आणि नव्याने दुखावतो. मी म्हणते, येईल.

आता भट्टीचं. हे आधी लिहायला हवं होतं, पण हात तिकडे वळत नव्हता.

ऑरिनचा तो ट्रामचा नियम तू विसरला असशील असं मला वाटत नाही. पुलापासून वळणापर्यंत गाडी कुठेही थांबवायची नाही, आणि भट्टीच्या बाजूचे पडदे खाली. धूळ येते म्हणे. गिऱ्हाइकाने लिंडन रिजची लालचुटूक विटांची घरं बघावीत, त्या विटा थापणाऱ्यांची बघू नयेत. आपण दोघं त्या पडद्यांच्या पलीकडे जन्मलो, आणि बाबांचे हात त्याच विटांत गेले. तू तो नियम ऐकलास तेव्हा ऑरिनला काय काय बोललास तेही मला पाठ आहे. इथे लिहीत नाही.

तर मार्चमध्ये एका दुपारी ऑरिन शहरातून एकटाच परत येत होता. भट्टीपाशी त्याने घंटेची दोरी ओढली. कंडक्टर डॉब्स म्हणाला, साहेब, इथे थांबा नाही. हा म्हणाला, नसेल तर आता आहे. उतरला आणि थेट तुझ्या-माझ्या आईच्या ओट्यावर जाऊन दार वाजवलं. आई गेल्यावर तिथे आता हुडाक नावाचं स्लोव्हाक कुटुंब राहतं. ‘मिसेस टॅगर्ट आहेत का?’ विचारलं. त्या बाईला इंग्रजी बेताचंच. तिने म्हाताऱ्याला थंडी वाजतेय एवढं ओळखलं आणि कोबीचं सूप दिलं. घरी आला तो शर्टावर सांडून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्याने हुकूम लिहून घ्यायला लावला: सर्व गाड्या भट्टीला थांबतील, पडदे वर राहतील. खाली सही, प्लॉट आणि ट्राम चालवणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष म्हणून. ती सही अजून चालते, एझ्रा. गाड्या थांबू लागल्या.

मी घरी त्याला विचारलं, पडदे कशाला वर करायला सांगितलेस? तर माझ्यावरच डाफरला. “पडदे टाकायची अक्कल कोणाची होती ते आधी सांगा.” मी म्हटलं, अध्यक्षांची. म्हणाला, “मग त्या गाढवाला एकदा माझ्यासमोर उभं करा.”

आता रविवारी भट्टीची मुलं तळ्यावर येतात, पाय भिजवतात, आणि प्लॉटवाल्यांच्या मंडळाच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. वेंडेल क्रेन परवा घरी आला होता. जुन्या भागीदार क्रेनचा मुलगा, तू गेलास तेव्हा शाळेत असेल, आता उपाध्यक्ष आहे आणि कॉलर एवढी ताठ घालतो की मान वळवायला सगळा वळतो. बोलायला गोड. त्याने मला समजावून सांगितलं, आणि मला समजलं नाही अशातला भाग नाही. ऑरिन भानावर असेल तर दुसऱ्यांची घरं विकणं ही फसवणूक आहे; ज्यांनी विसार दिलाय ते फौजदारी करणार. भानावर नसेल तर जानेवारीपासूनच्या त्याच्या सगळ्या सह्या रद्द, विसार परत, कोणाची तक्रार नाही. आणि थांबाही रद्द. पंचवीस तारखेला न्यायाधीशांसमोर सुनावणी आहे. “मिसेस पेनिमन, तुम्ही एवढंच म्हणायचं, की हल्ली त्यांना कळत नाही,” असं तो जाताना म्हणाला.

म्हणजे शहाणा म्हणावं तर लबाड ठरतो. वेडा म्हणावं तर आयुष्यात केलेलं हे एक बरं काम जातं. माझं डोकं चालत नाही. एक दिवस वाटतं हा सगळा आजार आहे. दुसऱ्या दिवशी वाटतं आजार आधी होता, आणि आता उतरलाय. तू त्याला माझ्याही आधीपासून ओळखतोस. कंपनी नव्हती, पैसा नव्हता, तेव्हा मक्यातून तुम्ही दोघं चालत गेला होतात. तेव्हा तो असा होता का रे? थांबा करणारा? मला खरंच आठवत नाही, आणि विचारायला तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

आणि हे शेवटी लिहिते, कारण शेवटी लिहिलं की लगेच पाकीट बंद करता येतं. तो मला ओळखत नाही. सकाळी नाश्त्याला मला बघून हॅट काढतो. घरात, एझ्रा. ‘आपण कुठून आलात?’ विचारतो. मी म्हणते, भट्टीवरून. तर खूश होऊन म्हणतो, “चांगली माणसं आहेत तिकडची. माझं लग्न तिकडेच ठरतंय.”

उत्तर पाठव.

तुझी बहीण,
हॅटी

—

लिंडन रिज
२७ एप्रिल १९११

प्रिय एझ्रा,

तुझ्या चार ओळी पोचल्या, सुनावणीच्या आदल्या दिवशी. मेरी बरी आहे वाचून बरं वाटलं. बाकीच्या तीन ओळींबद्दल काय लिहू? ‘वेडा असो की शहाणा, त्याने आई जाईपर्यंत आठ वर्षं तिच्या दारावरून गाडी न थांबवता नेली. तुला सोयीचं असेल ते सांग.’ तुझं रागावणं खरं आहे. पण सोयीचं काय ते कळलं असतं तर मी तुला कशाला विचारलं असतं?

न्यायाधीश हॉलोवे भला माणूस निघाला. बुटका आहे, आणि सारखा शिंकत होता. ऑरिनला मी राखाडी सूट घातला होता. तो इतका रुबाबदार दिसत होता की क्रेनच्या तोंडचं पाणी पळालं. न्यायाधीशांनी विचारलं, साल कोणतं? हा म्हणाला, तुमच्या मागे कॅलेंडर आहे, मला कशाला विचारता? सगळे हसले. घरी कोण कोण असतं? ‘एक बाई असतात. फार सभ्य आहेत.’ तेव्हा कोणी हसलं नाही. मी मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत बसले.

मग न्यायाधीशांनी थांब्याचं विचारलं. पेनिमन, इतकी वर्षं तिथे गाडी थांबत नव्हती, आताच का?

“तिथे ओट्यावर एक बाई उभी असते,” ऑरिन म्हणाला. “प्रत्येक गाडीला हात करते. गाडीत बसायचं असल्याशिवाय कोणी हात करतं का?”

एझ्रा, आईबद्दल मी तुला कधी हे सांगितलं नव्हतं, आणि तू कधी विचारलं नाहीस. मी मंगळवारी बाजाराला शहरात जायची हे तिला ठाऊक होतं, पण कोणत्या गाडीने ते ठाऊक नसायचं, आणि पडदे तर खाली. म्हणून ती सगळ्याच गाड्यांना हात करायची. कोऱ्या पडद्यांना. मी खिडकीशी बसून पडद्याचा कोपरा बोटभर उचलायची आणि बघायची. शेजारच्या बायका बघतील म्हणून बोटभरच. मला वाटायचं, हे जगात फक्त मला माहीत आहे. आता कळतंय की त्यानेही कधीतरी कोपरा उचलला होता. एकाच गाडीत, एकाच बाकावर, आम्ही दोघं एकमेकांपासून लपवून तिला बघत होतो की काय? की त्याने नियम केला आणि मग बघितलं? की आधी बघितलं आणि तरी नियम केला? विचारायची सोय नाही. विचारलं तर तो मलाच विचारेल, की बाई, तुमची आणि त्या मिसेस टॅगर्टची ओळख कशी?

न्यायाधीश माझ्याकडे वळले. म्हणाले, “मिसेस पेनिमन, अशी कोणी बाई तिथे आहे का?”

क्रेनने सांगितलेलं सगळं मी पाठ केलं होतं. आणि त्याच्या उलट काय बोलायचं तेही करून ठेवलं होतं, ऐन वेळी धीर झालाच तर. दोन्हींतलं काही तोंडातून आलं नाही. आहे म्हणावं तर मी शपथ घेतलेली. नाही म्हणावं तर आईला मी तिथून पुसून टाकल्यासारखं होईल.

“होती,” मी म्हटलं.

एवढंच. एका शब्दात नवऱ्याला वेडा ठरवून मी खाली बसले. न्यायाधीशांनी रुमाल नाकाला लावला, थोडा वेळ लिहिलं आणि निकाल वाचला. ऑरिनला स्वतःचे व्यवहार बघता येत नाहीत. जानेवारीपासूनच्या सह्या रद्द. त्याच्यासाठी पालक नेमायचा होता तर क्रेनच पुढे होऊन म्हणाला, मिसेस पेनिमनच योग्य. तो बोटाने दाखवेल तिथे सही करणारी बाई हवी होती त्याला, आणि माझ्याकडे बघून तसं वाटत असेल तर त्याची चूक नाही. बाहेर पडताना ऑरिनने न्यायाधीशांशी हात मिळवला आणि तळ्याकाठचा एक कोपऱ्यातला प्लॉट घ्या म्हणून आग्रह केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीपासून थांबा बंद झाला. डॉब्स सांगत होता, हुडाकबाई मुलांना घेऊन उभी होती आणि तिने हात केला.

मी बरोबर केलं की चूक ते तू सांगू नकोस. तुला तिथून दिसणार नाही. मला इथूनही दिसत नाही.

हॅटी

—

लिंडन रिज
२१ मे १९११

प्रिय एझ्रा,

तू उत्तर पाठवलं नाहीस. नको पाठवूस, पण हे वाच.

निकालानंतरच्या आठवड्यात क्रेन कागद घेऊन आला. मी पालक, तेव्हा ऑरिनच्या जागी माझ्या सह्या लागतात. पहिला कागद विसार परत करण्याचा होता, त्यावर केली. दुसरा त्याने अध्यक्षपद सोडल्याचा, त्यावरही केली. तिसरा मी वाचायला मागितला. क्रेन म्हणाला, मिसेस पेनिमन, त्यात वाचण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, मग लवकर वाचून होईल. त्यात ऑरिनचे शेअर सभेत कोणी वापरायचे ते लिहिलं होतं. अर्थात क्रेनने. तोवर मला कधी सुचलंच नव्हतं की ते निम्म्याहून जास्त आहेत, आणि निकालानंतर ते वापरायचे कोणी, तर मी. मी पेन खाली ठेवलं आणि त्याला आणखी केक हवा का विचारलं.

पुढच्या सभेला गेले. हॅट घालून बसले. कोणी सांगितलं थांब्याने प्लॉटांचे भाव पडतील, कोणी सांगितलं तळ्याचं पाणी खराब होईल. मी वाद घालणारी कधीच नव्हते. शेवटी मी हात वर केला. मत मोजायची तीच पद्धत होती, आणि माझा हात त्यांच्या सगळ्यांच्या हातांहून जड निघाला. भट्टीला गाडी थांबेल. पडदे वर. बाहेर येऊन जिन्यात मी रडले, मग दुकानात जाऊन ऑरिनसाठी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या.

मला वाटलं होतं आता मला सगळं स्वच्छ दिसेल. की मी त्याचंच काम पुरं केलं, जे त्याला भान असतं तर त्याने केलं असतं. आज रविवार, म्हणून त्याला दाखवायला घेऊन गेले. खिडकीशी बसवलं, भट्टीच्या बाजूला. पूल गेला. गाडी मंदावली आणि थांबली, आणि हुडाकबाई तीन मुलांसह वर चढली. तिने ऑरिनला ओळखलं, हसली, आणि आपल्या भाषेत काहीतरी छान बोलली असावी.

ऑरिनच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही जुनी आठी तुला माहीत आहे.

“इथे गाडी कशाला थांबवली?” तो मोठ्याने म्हणाला. “इथे थांबा नाही. बाई, तो पडदा ओढा खाली, धूळ येते.”

सगळी गाडी ऐकत होती. डॉब्सने माझ्याकडे बघितलं आणि मग रुळांकडे बघितलं. आता हा कोण होता, एझ्रा? सूप पिऊन आलेला खरा की हा? मी कोणाचा थांबा केला? ज्याच्यासाठी सभेत हात वर करून जिंकले तो माझ्या शेजारी बसून माझ्याचविरुद्ध बोलत होता, आणि त्याचा आवाज इतका शहाणा होता की न्यायाधीश असते तर त्यांनी निकाल फिरवला असता. तो स्वतःच पडद्याकडे हात न्यायला लागला.

मी त्याचा हात धरला आणि खाली आणून माझ्या मांडीवर ठेवला. सोडला नाही.

तो लाजला. सगळ्या चेहऱ्यावर लाली पसरली, बावीस वर्षांच्या पोराला यावी तशी. हात सोडवून घेतला नाही, पण वाकून अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाला, “बाई, तुम्ही भल्या आहात. पण माझं लग्न ठरलंय.”

मी म्हटलं, ठाऊक आहे मला. मुलगी चांगली आहे का?

“भट्टीची आहे,” तो म्हणाला, आणि उघड्या खिडकीतून ओट्याकडे बघत राहिला, गाडी वळणापार जाईपर्यंत.

तुला मी माफी मागायला लावत नाही, आणि त्याच्या वतीनेही मागत नाही, कारण कोणाच्या वतीने मागायची तेच मला उमगत नाही. पण तो तुझी वाट बघतोय, तेवढं नक्की आहे. एकदा ये. रेघ आखायला आलोय म्हण, त्याला पुरे. येशील तेव्हा शेवटच्या थांब्यापर्यंत बसू नकोस, भट्टीला उतर. हुडाकबाईला मी विचारून ठेवलंय; जूनभर रोज दुपारी मी तिच्या ओट्यावर असेन. तू कोणत्या गाडीने येशील ते मला कळणार नाही, म्हणून सगळ्याच गाड्यांना हात करीन.

वाट बघत,
तुझी हॅटी टॅगर्ट